दुसरा कॅन आणण्याआधी

स्प्रे पेंटचं काम बिघडलं की बहुतेक जण आधी बिघडलेल्या जागेवर आणखी रंग मारतात. तेवढ्याने भागलं नाही की दुकानात जाऊन दुसरा कॅन आणतात. ओघळ, सुरकुत्या, पांढरट झाक, खरखर, पोपडे यांपैकी एकाही दोषाला वरून जादा रंग हे औषध नाही. उलट ओल्या चुकीवर आणखी ओला रंग बसला की वीस-तीस रुपयांत निभावणारं काम पाचशेच्या पुढे जातं. बहुतेक दोष पाणी पेपरचा एखादा ताव आणि एक-दोन दिवसांची सबुरी एवढ्यावर निघतात. खरोखर पैसे लागणारे दोष दोन-तीनच आहेत, ते कोणते हे आधी माहीत असलेलं बरं.

कॅनमध्ये रंग किती, पैसे किती

पुढचे भाव महाराष्ट्रातल्या शहरांतल्या हार्डवेअर आणि ऑटो पेंटच्या दुकानांतले आहेत, आणि ढोबळ आहेत. कंपनी आणि गाव बदललं की थोडे खाली-वर होणार. ४०० ते ४५० मिलीचा साध्या रंगाचा कॅन २०० ते ३५० रुपयांना मिळतो. प्रायमर आणि क्लिअर लॅकरही साधारण त्याच भावात. क्रोम, मेटॅलिक आणि सायलेन्सरला लागणारा उष्णतारोधक रंग ३०० ते ६००. पाणी पेपरचा ताव १५ ते ३० रुपये, मास्किंग टेप ४० ते ८०, लिटरभर एनसी थिनर १५० ते २५०, रबिंग कंपाउंडची लहान डबी १०० ते २००. म्हणजे लोखंडी स्टूल किंवा कुंड्यांचा स्टँड घरी रंगवायचा म्हटलं तर प्रायमर, रंग, पेपर, टेप मिळून सहाशे ते आठशे रुपये धरून चाला. नुसत्या कॅनची किंमत बघून बजेट केलं की निम्म्यावर अडकायला होतं.

कॅनवरचे ‘मिली’ नीट वाचा. त्या मापात रंगाबरोबर तो बाहेर ढकलणारा द्रवरूप गॅसही धरलेला असतो, आणि गॅस सोडून उरतं त्यातलंही बरंच उडून जाणारं थिनर. म्हणून ४०० मिलीचा कॅन म्हणजे ४०० मिली रंग नव्हे. दोन हात धरून एका कॅनमध्ये १२ ते १५ चौरस फूट झाले तरी पुष्कळ. दोन कंपन्यांच्या भावांची तुलना करायची तर कॅनच्या उंचीवर जाऊ नका, लेबलावरचं निव्वळ माप बघा.

आता हाच हिशेब लोखंडी कपाटाला लावून बघा. कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. समोरची बाजू साडेएकोणीस चौरस फूट, दोन्ही कडा मिळून तेवढ्याच, वरचा पत्रा साडेचार. झाले त्रेचाळीस-चव्वेचाळीस चौरस फूट. त्याला रंगाचे तीन-चार कॅन आणि प्रायमरचे दोन, म्हणजे हजार ते दोन हजार रुपये. तेच काम एक लिटर ऑइल पेंट, थोडा रेड ऑक्साइड आणि एक चांगला ब्रश यांत पाचशे ते सातशेत होतं. पट्टे दिसू नयेत असं वाटत असेल तर छोटा फोम रोलर वापरा. कपाटाला स्प्रे कॅन घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकीच्या ग्रिललाही नको, कारण गजांच्या मधून निम्मा रंग हवेत आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो.

हा कॅन मुळात जन्माला आला तोच लहान कामासाठी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड सेमूर या रंगविक्रेत्याने १९४९ साली रेडिएटरवर मारायचा आपला अ‍ॅल्युमिनियम रंग लोकांना दाखवता यावा म्हणून तो कॅनमध्ये भरला. कल्पना त्याच्या बायकोची होती. सायकलची फ्रेम, टेबल फॅनची पाती, लेटरबॉक्स, नक्षीची चौकट, दिव्याचा स्टँड, जिथे ब्रश पोचत नाही आणि क्षेत्रफळ थोडं असतं, तिथेच कॅनचे पैसे वसूल होतात.

खाली कोणता रंग आहे?

दुरुस्तीतला सगळ्यात जास्त पैसा या एका प्रश्नाचं उत्तर न काढल्यामुळे जातो. वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थिनरमध्ये बुडवलेलं फडकं अर्धा-एक मिनिट दाबून धरा. रंग फडक्याला उतरला तर खाली लॅकर आहे. रंग फुगून सुरकुतला तर ऑइल पेंट, म्हणजे एनॅमल. काहीच झालं नाही तर कारखान्यात भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घालून मारलेला पक्का रंग आहे. तो नुसता घासून खरखरीत केला की वर काहीही बसतं.

अडचण दुसऱ्या उत्तराची आहे. घरातलं जुनं लोखंडी सामान बहुधा ऑइल पेंटनेच रंगवलेलं असतं आणि बाजारातले बरेच स्वस्त, भराभर वाळणारे कॅन लॅकरचे असतात. लॅकरमधलं तिखट थिनर खालच्या ऑइल पेंटमध्ये शिरतं, तो फुगतो आणि डोळ्यांदेखत सगळा पृष्ठभाग चुरगळतो. पेंटर याला ‘रंग उचलला’ म्हणतात.

सुरकुत्यांचं दुसरं कारण घड्याळ. एनॅमलच्या कॅनवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दुसरा हात एका तासाच्या आत मारा, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनंतर. लोक नेमके मधल्या वेळात मारतात: जेवून, झोप काढून, चार वाजता. तेव्हा वरची साय धरलेली असते आणि खालचा रंग मऊ असतो. नव्या हातातलं थिनर त्या सायीखाली उतरतं आणि साय सुरकुतते. प्रत्येक कंपनीचा वेळ वेगळा असतो, त्यामुळे शेजाऱ्याचा सल्ला ऐकण्यापेक्षा स्वतःच्या कॅनची पाठ वाचा.

सुरकुत्या पडल्या की थांबा. हात लावू नका, पुसू नका. तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडाभर, पूर्ण कडक होऊ द्या. तळहाताएवढीच जागा असेल तर २२० नंबरच्या पेपरने सपाट करा, मग ४०० ने गुळगुळीत करा, प्रायमरचा पातळ हात द्या आणि पुन्हा रंग. खर्च पेपरचा. सगळी वस्तूच सुरकुतली असेल तर मात्र सुटका नाही. पेंट रिमूव्हर लावून सगळा रंग खरवडून काढावा लागतो. अर्धा लिटर रिमूव्हर अडीचशे ते चारशे रुपये, त्यावर नवा प्रायमर, नवा रंग. म्हणजे सातशे ते हजार रुपये, मूळ कामाएवढेच पुन्हा. रिमूव्हर कातडी भाजतो, तेव्हा जाड रबरी हातमोजे घालून उघड्यावरच वापरा. दुकानदार ‘वरून एक हात मारा, बसून जाईल’ म्हणाला तर ऐकू नका. ते बसत नाही.

पावसाळ्यातली पांढरट झाक

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा इथल्या वाचकांना हा दोष जून ते सप्टेंबर हमखास भेटतो, आणि नेमकी त्याच काळात गणपतीची तयारी असते. काळा किंवा गडद रंग मारला, दहा मिनिटांत त्यावर दुधट थर आला. कॅन भेसळीचा आहे असं वाटतं, पण दोष हवेचा असतो. थिनर भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं, तो आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. ते ओल्या रंगात अडकलं की पांढरी झाक दिसते.

बऱ्याचदा यावर एक पैसाही लागत नाही. झाक हलकी असेल तर वस्तू कोरड्या, उबदार खोलीत ठेवा. एक-दोन दिवसांत पुष्कळदा ती आपोआप जाते. गेली नाही तर कोरड्या दिवशी त्याच रंगाचा अगदी पातळ, नुसता ओलावा येईल इतका हात द्या. नवं थिनर वरचा थर पुन्हा मऊ करतं आणि अडकलेलं पाणी निसटतं. वरून जादा रंग मारू नका या नियमाला हा एकच अपवाद, आणि तोही लॅकरपुरता. गॅरेजवाले दमट हवेत थिनरमध्ये रिटार्डर घालतात, म्हणजे रंग हळू वाळतो. भरलेल्या कॅनमध्ये आपल्याला ते घालता येत नाही, मग दिवसच निवडावा लागतो. मोबाइलवरच्या हवामानात आर्द्रता बघा. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर खुशाल मारा, ८५ च्या वर असेल तर कॅन कपाटातच राहू द्या. पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीन हा वेळ चांगला. संध्याकाळी गच्चीवर नको.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याच्या उलटा त्रास होतो. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर फवारा पोचेपर्यंत थेंब हवेतच वाळतात आणि भुकटी होऊन चिकटतात. हात फिरवला की वाळू लागल्यासारखं वाटतं. कॅन लांब धरल्याने आणि वाऱ्यातही हेच होतं. वाळल्यावर ८०० च्या पाणी पेपरने भुकटी घासून काढा आणि सकाळी आठ-नऊला, सावलीत, २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून, म्हणजे साधारण वीतभर ते दीड वीत, पुन्हा एक हात द्या.

ओघळ, संत्र्याची साल आणि माशाचे डोळे

ओघळ आला की बोटाने पुसायचा मोह होतो. बोटाने एका ओघळाचा हातभर डाग होतो. वस्तू उचलता येत असेल तर लगेच आडवी करा, कधीकधी ओघळ आपोआप पसरतो. नाहीतर वाळू द्या, किमान २४ तास, एनॅमल असेल तर ४८. मग ओघळाचा उंचवटा नव्या ब्लेडने हलकेच तासा आणि ४०० च्या पाणी पेपरने सपाट करा. पेपर बोटांनी धरू नका, बोटांच्या खाचा उमटतात. जुन्या रबरी स्लीपरचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा. त्याला पैसे पडत नाहीत आणि पेंटरही हेच करतात. नंतर ८०० चा पेपर आणि एक पातळ हात. एकूण खर्च पन्नास रुपयांच्या आत.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खळगे-खळगे दिसत असेल तर रंग नीट पसरण्याआधी आवळला. अंतर जास्त होतं, ऊन होतं किंवा थर जाड होता. चकचकीत रंगाला १००० आणि मग २००० च्या पेपरने पाण्यात घासून रबिंग कंपाउंड लावलं की आरशासारखं निघतं, मात्र रंगाचा थर पुरेसा हवा, नाहीतर प्रायमर वर येतो. मॅट रंगाला कंपाउंड कधीही लावू नका. तेवढीच जागा चमकते आणि सगळी वस्तू पुन्हा रंगवावी लागते. मॅट काळा घेणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

रंग ठिकठिकाणी मागे सरून गोल खळगे पडले तर त्यांना गॅरेजमध्ये ‘फिश आय’ म्हणतात, माशाचे डोळे. खाली तेल आहे. खोबरेल लागलेला हात, वंगण, फर्निचर पॉलिश, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश. वर कितीही रंग मारा, खळगा तसाच राहतो. ओला असतानाच थिनरने सगळा पुसून काढणं स्वस्त पडतं. मग भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आणि दोन फडकी घ्या: एकाने थिनर लावायचं, दुसऱ्या कोरड्याने ते उडण्याआधी उचलायचं. एकच फडकं फिरवलं तर तेल इकडचं तिकडे होतं.

रंगावर चिलट बसलं तर बसू द्या. वाळल्यावर २००० च्या पेपरने ते निघतं.

पोपडे निघाले तर

दोन-तीन महिन्यांनी रंग सालासकट निघतो, तेव्हा चूक रंगात नसते, खालच्या वस्तूत असते. आपल्याकडे दोन वस्तू हमखास फसवतात. एक, मोल्डेड प्लास्टिकची खुर्ची. तिच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा दिसला तर ती पॉलिप्रोपिलीनची आहे, आणि त्याला रंग जवळजवळ धरतच नाही. आधी ३२० च्या पेपरने खरखरीत करून प्लास्टिकचा खास प्रायमर मारावा लागतो. तो तीनशे-पाचशेला पडतो. त्यावर रंगाचा कॅन, शिवाय बसण्या-उठण्याने तो झिजणार. नवी खुर्ची पाचशे-सहाशेला मिळत असताना हा खटाटोप करू नये. मोटारींचे बरेचसे बंपरही याच जातीच्या प्लास्टिकचे असतात. दुसरी वस्तू म्हणजे जस्ताचा पत्रा: पाण्याची टाकी, पन्हळ, पत्र्याची पेटी. ऑइल पेंट आणि जस्त यांची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर धरतो आणि रंग पत्रा सोडतो. त्याला एच प्रायमर किंवा जस्तासाठीचा म्हणून विकला जाणारा प्रायमर लागतो. दुकानात ‘जीआय पत्र्यासाठी’ असं स्पष्ट सांगून मागा.

दुरुस्ती करताना पोपडा फक्त निघालाय तेवढाच भरू नका. नखाने ओढून जिथपर्यंत सैल आहे तिथपर्यंत काढा, कड १८० आणि ३२० च्या पेपरने उतरती करा, बोटाला पायरी लागता कामा नये. खोल असेल तर लांबीचा पातळ हात. मग प्रायमर, मग रंग. गंज दिसत असेल तर तो पिवळसर डाग उरेपर्यंत घासा. ओल्या गंजावरचा रंग पुढच्या पावसाळ्यात फुगतो.

थर्माकोलवर स्प्रे मारला की ते डोळ्यांसमोर वितळतं, थिनर त्याला खातं. मखरासाठी हा प्रश्न तसाही उरलेला नाही, २०१८ च्या राज्याच्या बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं. पुठ्ठ्याचं आणि लाकडाचं मखर मात्र स्प्रेने छान होतं. आधी फेविकॉलमध्ये पाणी मिसळून एक हात द्या, नाहीतर पुठ्ठा रंग पितो आणि एकाच्या जागी दोन कॅन लागतात. क्रोमच्या कॅनबद्दल एक सूचना: झाकणावर आरसा दिसतो तसा तो वस्तूवर क्वचितच दिसतो, बोट लागलं की मंदावतो, आणि टिकावा म्हणून वरून क्लिअर लॅकर मारला की करडा पडतो. हातात न येणाऱ्या वस्तूला मारा, वर काही मारू नका.

कॅनच चालत नसेल

नोझल तुंबलं तर ते ओढून काढा आणि झाकणभर थिनरमध्ये दहा मिनिटं टाका. नोझलच्या भोकात टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की फवारा थुंकतो. कॅनच्या तोंडात तर काहीच घालू नका, झडप अडकली तर सगळा रंग तुमच्या तोंडावर. जुन्या रिकाम्या कॅनचं नोझल जपून ठेवा, त्याच कंपनीच्या कॅनला बहुधा बसतं. काम संपलं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दोन-तीन सेकंद दाबायचा, म्हणजे पुढच्या वेळी तुंबत नाही. पण उलटा धरून रंगवत बसलात तर गॅस आधी संपतो आणि निम्मा रंग आत राहतो. त्यावर इलाज नाही. कॅनला भोक पाडून तो रंग काढायचा प्रयत्न कोणीही करू नये.

सलग दाबत राहिलं की कॅन हाताला गार लागतो आणि फवारा मंदावतो. आतला गॅस उकळून वाफ होताना स्वतःच थंड होतो, दाब पडतो आणि मोठे थेंब थुंकले जातात. दहा मिनिटं बाजूला ठेवा, किंवा अंघोळीच्या कोमट पाण्यात थोडा वेळ उभा करा. कोमट म्हणजे हात सहज राहील इतकंच. गॅसच्या शेगडीवर, हीटरजवळ किंवा उकळत्या पाण्यात कॅन धरणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. हलवण्याचंही तसंच, गोळीचा खडखड आवाज सुरू झाल्यावर आणखी एक-दोन मिनिटं हलवा, आणि काम करताना मधूनमधून. फिका, पाणचट किंवा डागाळ रंग आला तर नव्वद टक्के वेळा हलवायला कंटाळा केलेला असतो.

गाडीचं काम

ओरखडा बोटाएवढा असेल तर कॅनचा फवारासुद्धा नको. रंग थोडा झाकणात मारा आणि टूथपिकच्या टोकाने ओरखड्यात भरा. मोटारीच्या रंगाचा कोड दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. काही ऑटो पेंटची दुकानं त्या कोडचा रंग मिसळून कॅनमध्ये भरून देतात, त्याचे पाचशे ते नऊशे रुपये पडतात. पांढरा, काळा, लाल साधा रंग जमून जातो. चंदेरी आणि मोतिया रंग मात्र फवाऱ्याच्या अंतरानेही बदलतात, कोड बरोबर असूनही ठिगळ दिसतं.

अख्खा दरवाजा कॅनने करू नका. प्रायमर एक, रंगाचे दोन, क्लिअरचे दोन, पेपर आणि कंपाउंड धरून दोन-अडीच हजारांवर जातं, आणि बाहेर ओळखीच्या गॅरेजात तोच दरवाजा अडीच ते साडेचार हजारांत भट्टीतून निघतो. स्कूटरचा एक पॅनल गॅरेजमध्ये सहाशे ते बाराशेत होतो, तिथे घरी कॅन घेऊन हौस करण्यात शंभर-दोनशेचीच बचत. दुचाकीच्या टाकीला साधा कॅन तर नकोच. पेट्रोल सांडलं की पहिल्याच दिवशी रंग विरघळतो. तिथे हार्डनरचा क्लिअर लागतो, आणि त्यातल्या रसायनांमुळे तो योग्य मास्कशिवाय मारू नये. सायलेन्सरचा उष्णतारोधक रंग मात्र घरी जरूर करा. पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर धूर येईल, तो रंग भाजला जातोय. संपूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसीवर रंगाची नोंद असते, आधी आरटीओचं काम करून घ्या.

शेजाऱ्याच्या गाडीवर फवारा उडाला असेल तर भांडण वाढण्याआधी साबणाच्या पाण्यात क्ले बार फिरवा. तो तीनशे ते सहाशेला मिळतो. थिनर लावू नका, त्यांचा रंगही निघेल. काचेवरचा रंग ब्लेडने, कोटा फरशीवरचा थिनरच्या फडक्याने आणि हातावरचा खोबरेल तेलाने निघतो.

गॅस, वास आणि कचरा

जुन्या कॅनमधला सीएफसी वायू पेट घेत नसे, पण ओझोनचं नुकसान करत होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला आणि त्याच्या जागी प्रोपेन-ब्युटेन किंवा डायमिथाइल इथर आले. म्हणजे तुमच्या हातात स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद आहे. बंद बाल्कनीत, देवघरात समई चालू असताना किंवा उदबत्ती लावून फवारा मारू नका. एन-९५ मास्क थेंब अडवतो, थिनरची वाफ नाही. वर्षातून एकदा उघड्या गच्चीवर काम असेल तर त्यावर भागेल. वारंवार काम असेल तर कार्ट्रिजचा मास्क घ्या, सहाशे ते दीड हजारांत येतो. दमेकरी आणि गरोदर बाईने तिथे थांबू नये.

कॅनवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला उन्हात उभ्या मोटारीची डिकी त्याच्या पुढे जाते, तेव्हा खरेदी करून कॅन गाडीत विसरू नका. रिकामा कॅन शेकोटीत किंवा जळत्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. विमानाच्या सामानात आणि रेल्वेतही तो नेता येत नाही.

नवा कॅन पहिल्याच दाबाला चालला नाही, गळत असेल किंवा झाकणाचा रंग आणि आतला रंग वेगळा निघाला तर तो वापरत बसू नका, तसाच दुकानात परत न्या. घेतानाच छापील किंमत, निव्वळ माप, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कंपनीचा तक्रार क्रमांक लेबलावर आहे ना ते बघा. हे छापणं कंपनीला बंधनकारक आहे. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. तक्रारीसाठी बिल लागतं. तीनशे रुपयांच्या मालाचं बिल मागायला लाजू नका.